अकरा दिवस गप्प

मागच्या उन्हाळ्याआधीच्या उन्हाळ्यात बचत गटाच्या बायकांसाठी बदनापूरला एका दिवसाचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेल्या बाईंनी आम्हाला एकेक कागद वाटला आणि म्हणाल्या, खरं खरं लिहा. संकट आलं की तुम्ही काय करता? खाली चार चौकटी. धडाधड निर्णय घेता, मागे सरता, दुसऱ्याच्या भरवशावर राहता, की शांतपणे विचार करून पाऊल टाकता? मी चौथ्या चौकटीत टिक केली. माझं बघून शेजारच्या दोघींनीही तिथेच केली. बाईंनी आम्हा तिघींना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. माझं डोकं फिरलं. मला राग पटकन येतो आणि आला की मी माणसं मोजायला लागते, हा काय लायकीचा, ती काय लायकीची. त्या दिवशीही मी चहा गाळता गाळता सगळ्या घराला चौकटीत बसवून टाकलं. नवरा धडाधड निर्णय घेणारा. ज्या विहिरीत गावातली पोरं वाकून बघायलाही भीत त्यात हा वरून उड्या मारायचा. सासूबाई मागे सरणाऱ्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. रिक्षात बसायच्या आधीच त्या देवाचं नाव घेतात. आणि मी चौथ्या चौकटीतली, टाळ्यावाली.

आमचं गाव बदनापूरपासून दुचाकीने अर्ध्या तासावर. दहा गुंठ्यांत हिरव्या जाळीचं शेड आहे आणि त्यात मिरची. खायची नाही, बियाण्याची. जालन्याची एक कंपनी रोपं देते, आपण संकरित बी तयार करून द्यायचं. हे शेड माझ्या डोक्यातून निघालेलं. दीड वर्ष मी घरात धोशा लावला होता, ह्यांच्याकडे झालं, त्यांच्याकडे झालं, आपण काय घोडं मारलंय. शेवटी उभं राहिलं. त्यामुळे ते फसलं असतं तर घराचं नुकसान झालं असतं, पण फजिती फक्त माझी झाली असती.

काम सांगायला सोपं आणि करायला जीव काढणारं आहे. शेडात दोन जातींची झाडं असतात, नराची आणि मादीची. दुपारनंतर मादीच्या झाडावरची उद्या उमलणारी कळी हेरायची, चिमट्याने ती उघडायची आणि तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे, म्हणजे तिचं तिच्यातच बी धरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाचं पोलन, म्हणजे पराग, तिच्यावर लावायचं आणि देठाला लोकरीचा रंगीत धागा बांधायचा. धागा असलेली मिरचीच बियाण्याला घ्यायची, बाकीची तोडून फेकायची. शेवटी कंपनी त्या बियांचा नमुना पेरून झाडं वाढवून बघते. त्यात भेसळ दिसली की सगळा लॉट फेल. पिशवीभर चांगलं बी असलं तरी ते मातीमोल, आणि पुढच्या साली कंपनी रोपं देत नाही.

हे काम मी आणि अक्का करायचो. अक्का माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, गावच्या बौद्ध वस्तीतली. लोकांच्या शेडांत हेच क्रॉसिंगचं काम करून करून तिची बोटं अशी बसली होती की गप्पा मारताना तिला खाली बघायची गरज पडत नसे. मला जे येतं ते तिने शिकवलेलं. तरी मी तिला अगंतुगं करायची आणि ती मला वहिनी, तुम्ही म्हणायची. शेडाबाहेर चहा आला की मी बाजेवर बसायची आणि ती पोत्यावर. असं का, हे आम्ही दोघींनी कधी बोलून ठरवलं नव्हतं.

घोळ झाला तो दसऱ्याच्या जरा आधी. रोज आम्ही मादीच्या कळ्यांतून काढलेले पुंकेसर एका स्टीलच्या वाटीत गोळा करायचो आणि उजेड आहे तोवरच खड्ड्यात पुरून टाकायचो. नराचे पुंकेसर दुसऱ्या वाटीत ठेवून वाळवायचो, सकाळी मी ते बारीक कपड्यातून चाळायची आणि पोलन दोन डब्यांत घालायची, एक माझी, एक अक्काची. त्या दिवशी कंपनीचे साहेब पाहणीला आले, बोलण्यात उशीर झाला आणि दिवेलागण झाली. मी वाटी घेऊन खड्ड्याकडे निघाले तर आत्याबाईंनी अडवलं.

"दिवे लागले ना बाई आता. घरातला केर भायेर टाकू राह्यली का?"

"केर न्हाई आत्याबाई, फुलातलं आहे ते."

"टाकायचंच आहे ना? मंग केरच झाला. लक्ष्मीची येळ आहे. ठेव तिथं, सकाळी टाक."

दिवे लागल्यावर आमच्या घरातून काडीदेखील बाहेर टाकत नाहीत. मी दोन्ही वाट्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या. सकाळी एक वाटी खड्ड्यात उपडी केली, दुसरी चाळली, डब्या भरल्या आणि कामाला लागले. रात्रभरात दोन्ही वाट्यांतलं वाळून सारखंच निळसर झालं होतं. आमचा रिवाज असा की दर चार दिवसांनी धाग्याचा रंग बदलायचा. त्या दिवशी नवाच्या सुमाराला पिवळा धागा संपला आणि पांढरा सुरू झाला. काम उरकून मी चाळलेली वाटी घासायला घेतली आणि माझ्या अंगठ्याला पोचा लागला.

पोचा आलेली वाटी कचऱ्याची. म्हणजे रोज तरी असायची.

मी तिथेच मोरीत बसून राहिले. मी मादीचंच पोलन मादीला लावलं होतं का? लावलं असेल तर त्या सकाळच्या सगळ्या मिरच्या भेसळीच्या, माझ्या ओळीतल्याही आणि अक्काच्याही. पण आदल्या संध्याकाळी घाईत मी वाट्यांची अदलाबदल तर केली नव्हती? डोळे मिटले की मला पोचा आलेल्या वाटीत नराचे पुंकेसर ओतताना माझा हात दिसायचा. परत मिटले की तोच हात, तीच वाटी आणि कचरा. दोन्ही आठवणी सारख्याच खऱ्या वाटायच्या. आत्याबाईंना मी आडून विचारलं, तुम्ही वाट्या हलवल्या होत्या का. त्या म्हणाल्या, मी हातच लावला न्हाई. मग म्हणाल्या, लावला असंल तं मला याद न्हाई.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. फुलं अजून कोमेजायची होती. त्या सकाळचे धागे बघून कळ्या खुडल्या असत्या तर एका सकाळचंच काम गेलं असतं. मी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, आधी नीट आठवू दे. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल सांगितलं नाही तर आज कोणत्या तोंडाने सांगू. तिसऱ्या दिवशी दसऱ्याची गडबड होती. पुढचे दिवस कसे गेले ते मला धड सांगता येणार नाही. मी शेडात जायची, काम करायची, घरी येऊन भाकरी थापायची आणि प्रत्येक भाकरीला वाटायचं की आता सांगते. कळ्यांच्या मिरच्या झाल्या. आता कोणती त्या सकाळची आणि कोणती आदल्या दिवसाची, ते धाग्याखेरीज ओळखायची सोय राहिली नाही आणि धागे तर दोन रंगांचे, एकेक रंग चार चार दिवसांचा.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहावी की नाही यात मी बराच काळ घालवला. सहाव्या की सातव्या दिवशी, धागा बांधता बांधता, माझ्या मनात आलं की लॉट फेल झालाच तर लोक अक्काचंच नाव घेतील. मजुराच्या हातून चूक झाली म्हणतील. हे मनात आलं आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग मी अक्काकडे बघितलं. ती पलीकडच्या ओळीत आपल्या नातीच्या खोड्या सांगत होती. मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी चिमटा टाकून बाहेर जाऊन उभी राहिले.

अकराव्या दिवशी माझ्या हातून सलग तीन कळ्या मोडल्या. अक्का म्हणाली, "वहिनी, ध्यान कुठंय तुमचं? दसऱ्यापासून बघून राह्यले मी."

मी सांगितलं. वाट्या, पोचा, धागे, सगळं. फक्त ते बरं वाटल्याचं सांगितलं नाही. अक्काचे हात थांबले नाहीत. तिने हातातली कळी पूर्ण केली, पुढची धरली आणि म्हणाली,

"आजच सांगा घरी. लॉट फेल झाला तं तुमचं एक साल जाईल. माझं नाव खराब झालं तं मला कोणीच शेडात घेणार न्हाई. मला दुसरं काम येत न्हाई."

"तुझं नाव कोण घेईल अक्का?"

"घेतेत," ती म्हणाली. "माहीत आहे मला."

तिचा आवाज इतका सपाट होता की मी चक्रावले. मी अकरा दिवस जळत होते आणि हिला काहीच वाटत नाही? काही माणसं अशीच असतात, मनाला लावूनच घेत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली. हेवाही वाटला तिचा.

त्याच संध्याकाळी चहाला मी घरात सांगितलं. नवरा आधी हसला. तो हसणार हे मला माहीतच होतं.

"एवढंच ना? काई होत न्हाई. नमुन्यात नेमकं तेच बी येईल का? सायबाला सांगायचं न्हाई अन् एक मिरची तोडायची न्हाई. बिलकुल न्हाई."

"आणि आलं तर?"

"आलं तं आलं. अक्काच्या हातून झालं म्हणू."

मी "न्हाई" म्हणाले. पण ते म्हणायच्या आधी मी कपातला चहा संपवला. घोट दीड घोट असेल. तेवढा वेळ मी गप्प होते आणि तेवढ्यात नवरा उठून चपला घालून बाहेर गेलेला होता. माझं "न्हाई" आत्याबाईंनी ऐकलं, त्याने ऐकलं की नाही ठाऊक नाही. आत्याबाईंनी कपबशा उचलल्या, घासलेल्याच होत्या त्याही पुन्हा घासल्या आणि मग अंगण झाडायला घेतलं. केर मात्र कोपऱ्यात गोळा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी टोपली घेऊन शेडात गेले. दोन्ही रंग तोडायला जीव धजत नव्हता, म्हणून ठरवलं होतं, निदान पिवळे तोडायचे. जाताना वाटेत वाटलं, पांढरेच तोडावे. दाराशी पोचेपर्यंत पुन्हा पिवळ्यावर आले होते. आत गेले तर आत्याबाई एका टोकाला पदर खोचून, कंबर धरून, पांढऱ्या धाग्याची एकेक मिरची तोडत होत्या. मागे सरणारी बाई म्हणून मी ज्यांना मोडीत काढलं होतं त्या. मला म्हणाल्या, "मी दिवे लागल्यावर टाकू दिलं न्हाई म्हणून झालं ना? मंग मलाच निस्तरू दे."

आणि दुसऱ्या टोकाला, जाळीच्या कडेला वाकून, आमचा धडाधड निर्णय घेणारा गडी पिवळे धागे तोडून पोत्यात भरत होता. तो आमच्याही आधी आलेला. पोतं अर्धं झालं होतं. मला बघून तो दचकला.

"आळी दिसली," तो म्हणाला.

"पिवळ्याच धाग्याला?"

त्याने पोतं पायामागे सारलं. पंधरा वर्षांच्या संसारात मी ह्या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला त्याची दया यावी की त्याला बोलावं हे कळेना. काल संध्याकाळी "बिलकुल न्हाई" म्हणणारा कोण आणि हा कोण? आणि मायलेकरांनी एकमेकांना न विचारता दोन्ही रंग संपवायला घेतले होते. आठ दिवसांचं काम, त्यातलं सात दिवसांचं नक्कीच चांगलं, पोत्यात गेलं. मी टोपली हातात धरून मधल्या वाटेत उभी होते. मी एकही मिरची तोडली नाही. विचार करून पाऊल टाकणारी बाई पाऊलच टाकत नव्हती.

साहेबांना मात्र सांगितलं नाही. पुढच्या पाहणीला त्यांनी विचारलं, मधल्या फांद्या रिकाम्या कशा? नवरा म्हणाला, फुलगळ झाली. साहेब भिडस्त माणूस. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अक्काकडे. अक्का धागा बांधत राहिली. साहेब वहीत काहीतरी लिहून निघून गेले.

मिरच्या पिकल्या, बी काढलं, वाळवलं, दिलं. मग वाट बघणं. कंपनीचा निकाल यायला काही महिने जातात. त्या काळात घरात जो तो आपापल्या परीने वेडा झाला होता. नवरा फोन वाजला की गाडीला किक मारून कुठेतरी जायचा. आत्याबाईंनी धान्याची कोठी तीनदा उपसून भरली. मी दोन्ही वाट्या भंगारात दिल्या आणि तरी रोज त्यांचाच विचार करायची. उन्हाळा लागला तसं शेडातलं काम संपलं आणि अक्काचं येणं थांबलं. तिची चौकशी मी केली नाही. करायला तोंड नव्हतं असं मी म्हणेन, पण खरं तर मला तिची आठवणच नको होती.

निकाल आला तो फोनवरच. लॉट पास. नवऱ्याने मला मेसेज वाचून दाखवला, मग आत्याबाईंना वाचून दाखवला, मग स्वतःच परत वाचला. पाच मिनिटांत नवरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. "म्हणलं न्हवतं? काई होत न्हाई." आत्याबाई म्हणाल्या, तोडलं म्हणून वाचलो. मी दोघांकडे बघत राहिले. त्या सकाळी चूक झाली होती की नव्हती, हे आता ह्या जन्मी कोणाला कळणार नव्हतं. तोडून टाकल्यामुळे वाचलो, की उगाच आठ दिवसांचं चांगलं काम पुरून टाकलं? मला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

मी पेढे घेऊन अक्काकडे गेले. इतक्या वर्षांत तिच्या घरी मी पहिल्यांदा जात होते, हे मला तिच्या गल्लीत घर विचारावं लागलं तेव्हा लक्षात आलं. ती दारात बसून डाळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "अक्का, पास झाला लॉट."

तिने सूप खाली ठेवलं. काहीतरी बोलायला गेली आणि एकदम तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. हुंदके देऊन. आतून तिची सून धावत आली, नात घाबरून सुनेला बिलगली. मी पेढ्यांचा पुडा धरून तशीच.

"पास झाला, अक्का," मी पुन्हा म्हणाले. मला वाटलं तिने उलटं ऐकलं.

"ऐकलं," ती म्हणाली. मग नाक पुसून सांगायला लागली. दिवाळीच्या आधीच तिला पलीकडच्या शेडवाल्याने सांगितलं होतं, तिकडचा निकाल येऊ दे, मग कामाला ये, तुझ्या हातून तिथं गडबड झालीय म्हणतात. एकाने सांगितलं, मग दुसऱ्याने. आमचं काम संपल्यापासून तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"त्यांना कोणी सांगितलं?"

"भाऊंनीच सांगितलं म्हणत होते." भाऊ म्हणजे माझा नवरा. "चहाच्या टपरीवर."

म्हणजे माझं "न्हाई" त्याने ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं होतं. आणि दिवाळीपासून हे सगळं माहीत असून ती रोज आमच्या शेडात येत होती, नातीच्या खोड्या सांगत होती, माझ्या मोडलेल्या कळ्यांना हसत होती.

"तू बोलली का नाहीस?" मी म्हणाले. "मला वाटलं तुला कशाचं काही वाटत नाही."

"घाबरले असते तं सगळे म्हणले असते, हिनंच केलं असंल," अक्का म्हणाली. "मला घाबरता येत न्हवतं, वहिनी."

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. त्या सहाव्या की सातव्या दिवशी मला बरं वाटलं होतं ते सांगावं असं मनात आलं. जिभेवर आलंही. मग वाटलं, हे सांगून मी हलकी होईन, हिचं काय? की हेही माझं पुन्हा गप्प बसण्याचं निमित्त? मला खरंच कळलं नाही, अजूनही कळत नाही. मी एवढंच म्हणाले की टपरीवर जाऊन त्याला सगळ्यांसमोर खरं सांगायला लावते, आजच.

पुड्यातला एक पेढा काढून तिने नातीला दिला आणि विचारलं, "पुढल्या साली बोलावणार ना मला?"

मी हो म्हणाले. जरा वेळाने तिने तेच परत विचारलं.